औषधोपचार आणि दशमान मापे

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या संमेलनात वधूवर-परिचय, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि शिष्यवृत्ती-निधीचा हिशेब हे विषय असतातच. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत अशी आज्ञा केली. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, शिक्षकाची सनद घेतली आणि पुढे पस्तीस वर्षे पाचवी-सहावीच्या मुलांना कोष्टके शिकविली, एवढीच आमची पात्रता. रोगांवर बोलण्याचा आम्हांस अधिकार पोहोचत नाही. मापांवर बोलण्याचा मात्र थोडासा पोहोचतो. म्हणून औषधाच्या मापाचाच विषय आम्ही निवडला आहे.

आपल्या शिंपी समाजापुढे मापाचे महत्त्व सांगणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाची ओळख करून देण्यासारखे आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्या गळ्यात मापाची पट्टी लोंबत आली आहे. त्या पट्टीच्या एका अंगास इंच असतात आणि दुसऱ्या अंगास सेंटिमीटर. आमच्या वडिलांची पट्टी आम्ही पाहिली आहे. तिची इंचांची बाजू बोटांनी घासून पुसट झाली होती आणि सेंटिमीटरची बाजू दुकानातून आणली त्या दिवसासारखी कोरी होती. आजही नव्या पेठेत कोणाही बंधूच्या दुकानी जाऊन पाहावे, स्थिती निराळी दिसणार नाही. कापड घ्यावयाचे मीटरने आणि बेतावयाचे इंचांनी! सोलापूरचा गणवेशाचा धंदा आज देशभर नावाजला आहे. त्यातही छाती अठ्ठावीस, लांबी छत्तीस, हीच भाषा चालते. यावर आमची मुळीच तक्रार नाही. चोळी अर्धा इंच सैल झाली तर उसवून पुन्हा शिवता येते. पोटात गेलेले औषध उसवता येत नाही, म्हणून तेथे आमचा आग्रह निराळा आहे.

तरुण मंडळींस कदाचित कल्पना नसेल की आज ज्या किलो-लिटरला आपण जन्मापासूनचे समजतो ते आपल्या देशात फार जुने नाहीत. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १९६२ च्या एप्रिलपासून ती देशभर सक्तीची झाली. त्यापूर्वीचा कारभार काय होता? दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. हे झाले धान्याच्या मापाचे. तोलाचे कोष्टक वेगळे : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर, चाळीस शेरांचा मण. पण हा मणही सर्वत्र एक नव्हता. रेल्वेचा मण सुमारे सदतीस किलोचा, तर मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे तेरा किलोहूनही कमी. नाव एक आणि वस्तू तिपटीने भिन्न. आपल्या सोलापुराला तर हा अनुभव अधिकच होता, कारण चाळीस-पन्नास किलोमीटरवर तुळजापूर, आणि तेथे निजामाचे राज्य. त्या बाजूस रुपयादेखील हाली शिक्क्याचा चाले. साधारणतः सात हाली रुपये दिले म्हणजे इंग्रजी सहा होत. कच्चा शेर तर गावागणिक बदले. जुनी माणसे व्यवहारात इतकी सावध असत त्याचे एक कारण हे असावे की, प्रत्येक सौद्यात 'कोणता शेर?' हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतरच नव्हते. औषध घेताना हाच प्रश्न आपण विचारीत नाही, हे आमचे आजचे गाऱ्हाणे आहे.

तोळ्याचेच उदाहरण घ्या. इंग्रजी अमदानीतील तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. आज सराफकट्ट्यावर कित्येक ठिकाणी दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आणि केंद्र सरकारने आयुर्वेदीय योगांचा जो ग्रंथ सिद्ध केला आहे त्यात सोयीसाठी तोळा बारा ग्रॅमचा धरला आहे. म्हणजे 'तोळाभर' या एका शब्दाचे तीन अर्थ आजच्या घटकेस जिवंत आहेत. सोन्याच्या बाबतीत फरक पडला तर भांडण होते आणि मिटते. काढ्यात फरक पडला तर भांडणही होत नाही, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही.

दशमान पद्धती परकी आहे, आपल्या वैद्यकाची मापे आपली होती, असे कोणी म्हणतात. या म्हणण्यातील अभिमान आम्हांसही आहे. परंतु आपल्या पूर्वजांनाही ही अडचण ठाऊक होती, हे विसरू नये. शार्ङ्गधराने मागध मान आणि कालिंग मान अशी दोन मापे सांगितली आहेत आणि त्यांपैकी मागध मान श्रेष्ठ मानले आहे. दोन माने आहेत तोवर घोटाळा आहे, कोणते तरी एक ठरवून घेतले पाहिजे, ही दृष्टी आपल्याच शास्त्रातील आहे. मग आज त्याच ग्रंथातील रत्तीला १२५ मिलिग्रॅम आणि माशाला एक ग्रॅम असे सरकारी ग्रंथात लिहिले, तर परंपरेला बाध कोठे आला? मूळ गुंज हे एका वेलीचे बी आणि इंग्रजांचा ग्रेन हाही धान्याचा दाणाच. बियांनी तोलणारे जग दोन्हीकडे सारखेच होते.

आता दवाखान्याकडे वळू. ज्यांचे केस आमच्यासारखे पांढरे झाले आहेत त्यांना लहानपणीची मिक्श्चरची बाटली आठवत असेल. कंपौंडरसाहेब घरून नेलेली बाटली विसळून घेत, लाल किंवा गुलाबी औषध भरीत आणि कागदाची एक पट्टी दुमडून, कात्रीने कंगोरे कापून बाटलीस चिकटवीत. एक कंगोरा म्हणजे एक डोस. साधी, स्वस्त आणि निरक्षरासही समजेल अशी ती युक्ती होती. रुग्णाला ग्रेन नको, ड्राम नको, चमचा नको. खूण पाहावी आणि तेवढे घ्यावे. एवढेच की, बाटलीच्या आत ते औषध ज्या मापाने पडे त्या मापात मात्र मोठा गोंधळ होता. वीस ग्रेनचा एक स्क्रुपल, तीन स्क्रुपलांचा एक ड्राम, आठ ड्रामांचा एक औंस. पातळ औषधांसाठी साठ मिनिमांचा एक ड्राम. त्यात पुन्हा ड्रामची खूण इंग्रजी तीनाच्या आकड्यासारखी आणि औंसाची खूणही तशीच, फक्त डोक्यावर एक फाटा अधिक. घाईत लिहिताना हा फाटा राहिला किंवा अधिक पडला तर औषध आठपट इकडे नाही तर तिकडे! ग्रेन आणि ग्रॅम यांची संक्षिप्त रूपेही अशीच एकमेकांच्या अंगावर पडणारी. आणि एका ग्रॅमात पंधराहून अधिक ग्रेन मावतात. अमेरिकेत फिटांवरच्या एका जुन्या औषधाच्या बाबतीत अर्ध्या ग्रेनऐवजी अर्धा ग्रॅम औषध गेल्याची उदाहरणे नमूद आहेत.

आपल्या देशाने या बाबतीत योग्य पाऊल वेळेवर उचलले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. भारतीय औषधकोशाची पहिली आवृत्ती १९५५ साली निघाली. तीत मात्रा दशमान आणि इंग्रजी अशा दोन्ही मापांत दिल्या होत्या. १९६६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या दशमान मापात आल्या. ग्रेनची सावली मात्र अजून पुरती गेलेली नाही. डोकेदुखीची अ‍ॅस्पिरिनची गोळी कित्येक ठिकाणी ३२५ मिलिग्रॅमची का असते, तीनशेची का नसते, असे आम्हांस एका विद्यार्थ्याने विचारले होते. उत्तर असे की, पाच ग्रेन म्हणजे सुमारे ३२४ मिलिग्रॅम. ग्रेन गेला, पण जाताना आपला आकडा ठेवून गेला.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, मग तुमचे काम तर साठ वर्षांपूर्वीच झाले! कारखान्यात औषध मिलिग्रॅमने बनते, रुग्णालयात मिलिलिटरने टोचले जाते, आता आणखी काय पाहिजे? आमचे उत्तर असे की, कारखान्यापासून बाटलीपर्यंत माप दशमान आहे. बाटलीपासून तोंडापर्यंतची जी वीतभर वाट आहे, तेवढ्या वाटेवर अजून शेर-मापट्याचे राज्य चालू आहे. तेथे मापाचे नाव आहे 'चमचा'.

आपल्या घरात चमचे किती? चहाचा, पोह्यांचा, मिसळणाच्या डब्यातला, श्रीखंडाचा, लोणच्याचा, देवाच्या पळीचा प्रकार निराळाच. आम्ही एकदा कुतूहलाने घरातील सर्व चमचे मांडून, सुई नसलेल्या पिचकारीने पाणी मोजून पाहिले. दोन जातींचे चमचे सारखे म्हणून निघाले नाहीत. ग्रीस देशातील संशोधकांनी २०१० साली घरोघरच्या चहाच्या चमच्यांचे माप प्रसिद्ध केले. लहानात लहान चमचा अडीच मिलिलिटरचा आणि मोठ्यात मोठा सात मिलिलिटरच्या वर भरला. चमचा तोच, चहाचाच, आणि फरक जवळजवळ तिप्पट. डॉक्टर 'एक चमचा' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पाच मिलिलिटर असतात. हे पाच त्यांच्या मनातच राहतात, आणि आपल्या हाती नुसता चमचा येतो.

आमच्या पेठेतील एका घरची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. दोन वर्षांचे मूल, वजन दहा किलो, अंगात ताप. डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉलचे पातळ औषध तापेल तेव्हा 'एक चमचा' द्यावे असे सांगितले. त्यांना अभिप्रेत असलेल्या औषधात पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल असते, आणि तेवढे त्या मुलास योग्यच होते. औषधाच्या दुकानात ते संपले होते. दुकानदाराने त्याच गुणाची दुसरी बाटली दिली, तीत पाच मिलिलिटरला २५० होते. बाटलीबरोबर आलेली मापाची प्लॅस्टिकची पेली मोठ्या बहिणीच्या भातुकलीत गेली होती. आजीबाईंनी आपला पोह्यांचा चमचा घेतला. तो दहा मिलिलिटरच्या आसपास. आता हिशेब करा. द्यावयाचे होते १२५, गेले सुमारे ५००. चौपट! दीड दिवसात असे पाच वेळा झाले. मूल ओकू लागले, मलूल झाले, तेव्हा रुग्णालयात धाव घेतली. तेथील डॉक्टरांनी बाटली मागविली, चमचा मागविला आणि यकृतास इजा होऊ नये म्हणून तातडीने उतारा सुरू केला. मूल वाचले, आज ते शाळेत जाते. यात दोष कोणाचा ठरवावा? डॉक्टर चमचा म्हणाले, दुकानदार चमचा म्हणाला, आजीबाईंनी चमचाच दिला. तिघेही एकच शब्द बोलत होते आणि तिघांच्याही मनात निरनिराळी वस्तू होती. कोणता शेर, हे एकानेही विचारले नाही.

हाच हिशेब थोडा सावकाश समजावून घेऊ, कारण आपल्या भगिनींपैकी अनेकींच्या घरी लहान मुले आहेत. बाटलीवर दोन आकडे असतात : मिलिग्रॅम आणि मिलिलिटर. गुळाचे पाणी करताना गूळ किती हा एक प्रश्न आणि पाणी किती हा दुसरा, तसेच हे. मिलिग्रॅम हा गूळ, मिलिलिटर हे पाणी. तापाचे हेच औषध बाजारात तीन घनतेचे मिळते. पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचे, पाच मिलिलिटरला २५० चे आणि अगदी तान्ह्यांसाठी थेंबांचे. या थेंबांत एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात. डॉक्टर एका वेळची मात्रा मुलाच्या वजनावर, किलोमागे साधारणतः दहा ते पंधरा मिलिग्रॅम अशी ठरवितात. दहा किलोच्या मुलास १५० मिलिग्रॅम द्यावयाचे ठरले तर पहिल्या बाटलीतून सहा मिलिलिटर, दुसरीतून तीन, आणि थेंबांच्या बाटलीतून दीड. पाहा, थेंबांची बाटली सर्वांत इवलीशी, म्हणून घरात तिला सर्वांत सौम्य समजतात. प्रत्यक्षात ती सर्वांत कडक. तिच्यातून कोणी चमच्याने सहा मिलिलिटर दिले तर सहाशे मिलिग्रॅम गेले. तेव्हा एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे : मुलाचे वजन किती किलो, बाटलीत पाच मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, आणि द्यावयाचे किती मिलिलिटर. या तिन्हींत चमचा कोठेच येत नाही.

अमेरिकेसारख्या, दशमान पद्धतीला अजून पुरती न स्वीकारलेल्या देशासही हे पटले आहे. तेथे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, ज्या आईबापांना मात्रा चमच्यांच्या भाषेत सांगितली होती त्यांच्याकडून चूक होण्याची शक्यता मिलिलिटरवाल्यांच्या सुमारे दुप्पट होती. पुढच्याच वर्षी तेथील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने, मुलांची पातळ औषधे फक्त मिलिलिटरमध्येच लिहावीत असा ठराव प्रसिद्ध केला. तेथे आणखी एक धोका आहे. मुलाचे वजन पौंडांत करावयाचे आणि औषध किलोवर ठरवावयाचे. पौंडाचा आकडा किलो समजून वाचला गेला की मात्रा दुपटीहून अधिक होते. आपल्याकडेही जुन्या बायका अजून 'सात पौंडांचे बाळ झाले' असे कौतुकाने सांगतात. कौतुकापुरते पौंड ठीक आहेत. दवाखान्यात मात्र किलोच सांगावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळास अधिक जपावे लागते, हा आकडाही किलोतच लक्षात ठेवलेला बरा.

बाळगुटीचा उल्लेख केल्याशिवाय आमच्या भगिनी आम्हांस खाली बसू देणार नाहीत. सहाणेवर वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन, मुरुडशेंगेचे दोन, असे मोजून आपल्या आज्या गुटी उगाळीत. वेढा हे माप हाताच्या जोरावर आणि सहाणेच्या खरखरीतपणावर अवलंबून असते, हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणूनच गुटी उगाळण्याचे काम घरात एकाच जाणत्या बाईकडे असे. एक हात, एक सहाण, म्हणजे एक माप. मोजण्याची ती शिस्त आम्हांस आदरणीय वाटते. ती शिस्त बाटलीच्या औषधापाशी आल्यावर का सुटते, एवढेच आम्ही विचारतो.

दंडाच्या पट्टीविषयी थोडे सांगावयाचे आहे, कारण तो विषय आपल्या धंद्यातला आहे. अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर एका अरुंद पट्टीने मोजतात. पट्टीवर तांबडा, पिवळा आणि हिरवा असे रंग असतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर असला तर तांबडा, म्हणजे मूल तीव्र कुपोषित; साडेअकरा ते साडेबारा पिवळा; पुढे हिरवा. धोका आणि सुरक्षितता यांच्यामध्ये एकच सेंटिमीटर आहे, अर्ध्या इंचाहूनही कमी. इंचाच्या बाजूने मोजू गेल्यास साडेचार आणि पाच या दोन रेघांतच सारा न्याय उरकावा लागेल. आपल्या पट्टीची ती कोरी बाजू या कामासाठी आहे.

जुलाबावरील साखर-मिठाच्या पाण्याची कथा तर सर्व देशास भूषणावह आहे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांचे लोंढे बंगालमधील बनगाव येथे आले आणि छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एका लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत भरून रुग्णांच्या नातलगांच्याच हाती दिले. शेकडा तीस जेथे दगावत होते तेथे प्रमाण शेकडा चारच्या आत आले. निधनानंतर २०२३ साली त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. आज तेच तत्त्व सुधारून पुडीत मिळते; पुडीत एकंदर साडेवीस ग्रॅम क्षार आणि साखर असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. मोठी पुडी आणून ती पेलाभर पाण्यात कालविली तर पाणी चार-पाचपट खारट होते आणि तान्ह्या मुलास ते अपायच करते. लिटर म्हणजे किती, असे ज्यांना वाटेल त्यांनी रेल्वे स्टेशनवर मिळणारी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन घरात ठेवावी. ती आपली पायली.

आता मधुमेहाकडे येतो. सभागृहात नजर टाकली तर इन्शुलिन घेणारे आठ-दहा बंधू तरी आम्हांस समोर दिसत आहेत. इन्शुलिनचे 'युनिट' हे दशमान माप नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु एकाच नावाखाली दोन मापे नांदली की काय होते याचे याहून बोलके उदाहरण नाही. आपल्या देशात बाटलीतील इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असे मिळते, आणि पेनातले १०० युनिट असे. सुयाही दोन जातींच्या : लाल टोपणाची चाळीसच्या बाटलीसाठी, नारिंगी टोपणाची शंभरासाठी. वीस युनिट घ्यावयाचे असता चाळीसच्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सुईने वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढले तर शरीरात आठच युनिट जातात, साखर उतरत नाही, आणि बिचारा रुग्ण जेवणावर संशय घेत बसतो. उलट झाले, म्हणजे शंभरचे इन्शुलिन लाल टोपणाच्या सुईत वीसच्या रेघेपर्यंत भरले, तर पन्नास युनिट जातात. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो, आणि वेळेवर कोणी पाहिले नाही तर उठतही नाही. सुई दुसऱ्या दुकानातून आणली, परगावी लग्नास गेल्यावर आणली, की हे घडते. दुकानात 'इन्शुलिनची सुई द्या' असे मोघम न सांगता आपली बाटली सोबत न्यावी आणि आकड्याशी आकडा जुळवून घ्यावा.

ज्यांची मुले-मुली परदेशी आहेत त्यांच्यासाठी एक लहानशी सूचना. लंडनमधील जावई दूरध्वनीवर 'माझी साखर सात' असे म्हणाले म्हणून सासूबाई रडू लागल्या, असा प्रकार आमच्या कानी आला आहे. इंग्लंडात रक्तातील साखर मिलिमोलमध्ये सांगतात, आपल्याकडे शंभर मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये. त्यांच्या आकड्यास अठराने गुणावे. सात गुणिले अठरा, एकशे सव्वीस. दोन्ही मापे दशमानच आहेत, तरी एक नाहीत. म्हणून आकड्याबरोबर माप लिहून घ्यावे.

ज्वरमापकाविषयी आमचे मत थोडे सौम्य आहे. आपण ताप अजून फॅरनहाइटमध्येच बोलतो आणि शंभर ओलांडले की ताप, हे घरोघरी ठाऊक आहे. गंमत अशी की, ज्या ९८.६ ला आपण वेदवाक्य मानतो तो आकडा मूळचा सेल्सिअसचा आहे. जर्मन वैद्य वुंडरलिख यांनी १८६८ साली प्रचंड संख्येने नोंदी घेऊन निरोगी माणसाचे तापमान सुमारे ३७ अंश ठरविले; त्याचे रूपांतर करताना ९८.६ आले आणि ते दशांशापर्यंत नेमके असल्याचा भास निर्माण झाला. अडतीसला ताप मानावयाचे, तर त्याचे होतात १००.४. यात कोणाच्या जिवास धोका नाही. हळूहळू बदलले तरी चालेल.

आमच्या एका वकील स्नेह्यांनी या साऱ्यावर एक आक्षेप घेतला, तो लपवून ठेवणे योग्य नव्हे. ते म्हणाले, तुमच्या दशमान पद्धतीत सर्व भिस्त एका टिंबावर. टिंब सरकले की दहापट. आक्षेप खरा आहे. थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात, आणि हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. कोणी '५० मायक्रोग्रॅम' लिहितो, कोणी त्याचेच '०.०५ मिलिग्रॅम' करतो. एक शून्य राहून गेले की घोटाळा झालाच. यावर उपाय शाळेत शिकवितात तोच आहे. टिंबाच्या आधी शून्य लिहावयाचेच : नुसते '.५' असे न लिहिता '०.५'. आणि पूर्णांकापुढे टिंब-शून्य लावावयाचे नाही, '५.०' चे पन्नास वाचले जातात. शक्य तेथे लहान एकक घेऊन टिंबच टाळावे. पण आमच्या स्नेह्यांस आम्ही विचारले, टिंब कोठे सरकले हे निदान कागदावर दिसते आणि दुसऱ्यास तपासता येते. चमचा कोठे सरकला हे कोण तपासणार? त्यांनी ते मान्य केले, पण वकील असल्यामुळे पुरते मान्य केले नाही.

आपल्या सोलापुरास तर एका सामाईक मापाची गरज इतरांहून अधिक आहे. येथे शासकीय रुग्णालयाच्या एका बाकावर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे शेजारी शेजारी बसलेली असतात. पळी, चमचा, झाकण, वाटी यांचे अर्थ घरागणिक आणि भाषेगणिक बदलतात. पिचकारीवरील पाचची रेघ सर्वांना पाचच दिसते.

आता कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली महिला मंडळास. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपण दरवर्षी वाण लुटतो. प्लॅस्टिकच्या डब्या, गाळणी, कंगवे यांनी आता घरे भरली आहेत. येत्या संक्रांतीस प्रत्येक सुवासिनीस मिलिलिटरच्या रेघा असलेली औषधाची एक पेली आणि सुईविरहित पिचकारी द्यावी. खर्च गाळणीहून अधिक येणार नाही. मात्र ती देवघरापाशी किंवा औषधाच्या डब्यातच राहील, भातुकलीत जाणार नाही, एवढे वचन वाणाबरोबर घ्यावे.

दुसरी सूचना अशी की, ज्ञातीच्या परिवार-नोंदवहीत मुलांचे नाव, जन्मतारीख, इयत्ता लिहितात, तेथे वजनाचा एक रकाना वाढवावा आणि तो दर संमेलनात भरावा. त्याची एक चिठ्ठी आईजवळ द्यावी; डॉक्टरांकडे जाताना ती सोबत असावी. अध्यक्षमहाराजांच्या परवानगीने आम्ही वजनकाटा आजच आणविला आहे. तो कार्यालयाच्या ओसरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवला आहे आणि आमचे दोन जुने विद्यार्थी तेथे वही घेऊन बसले आहेत. आज भोजनात बुंदीचे लाडू आहेत असे समजते. तेव्हा मातांनी मुलांचे वजन पंगत बसण्यापूर्वीच करून घ्यावे.